उलट्या तोंडाचं बदक

संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, जुन्या कापडांची दुरुस्ती करणाऱ्या बाई बसायच्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच पडून राहिलं होतं. झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना हळूबाई म्हणायचे. कुणी दार उघडलं की "हळू", कुणी खोका उचलला की "हळू", कुणी नुसतं शिंकायच्या बेतात असलं तरी "हळू". घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, "आमच्या सुनेच्या हातून आजवर एक कप फुटला नाही, आणि तिच्यासमोर कुणाला चहा गोड लागला नाही."

पस्तीस वर्षं या बाईंनी लोकांचे हात कापडापासून लांब ठेवले. हाताला घाम असतो, घामात मीठ असतं, स्वच्छ धुतलेल्या बोटालाही तेलकटपणा असतो, हे त्यांनी इतक्यांना ऐकवलं होतं की त्यांच्या खोलीत शिरताना माणसं आपोआप हात मागे बांधायची. आणि अशा बाईंनी एक कापड आपल्या हातांनी लोकांपुढं पसरलं, तेही नेमकं नको ते. त्याला कारण त्यांचा निष्काळजीपणा असता तर सोसलं असतं. पण कारण होतं त्यांची काळजीच, आणि हे दुखणं त्या अजून उरावर घेऊन हिंडतात.

झालं असं की तळमजल्यावर नवं दालन करायचं ठरलं. नुसतं बघायचं नाही, हाताळायचं, हुंगायचं, करून बघायचं असं दालन. त्यासाठी एक डिझायनर मुलगी आली. तिचे केस कानापाशी कापलेले आणि जीभ त्याहून धारदार. ती पहिल्याच बैठकीत म्हणाली, "ताई, 'हात लावू नका' अशी पाटी वाचून आजवर कुणाला कशाची माया लागलीय का? लोक पाटी वाचतात आणि पुढच्या खोलीत जातात."

हळूबाई चार दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच जिना उतरून तिच्याकडं गेल्या. त्यांना मुलीचं पटलं होतं, आणि एखादी गोष्ट पटली की बाई त्यात अर्ध्यावर थांबायच्या नाहीत.

"एक जुनं कापड घ्यायचं," त्या म्हणाल्या. "अर्धं काचेखाली ठेवायचं आणि अर्धं उघडं. ज्याला हवं त्यानं उघड्या भागाला एकदा हात लावायचा. खाली मोजणी करणारं यंत्र बसवा. किती हात लागले तो आकडा वर दिसू दे. सहा महिन्यांत काय होतं ते लोकांना आपल्या डोळ्यांनी कळेल."

मुलगी बघतच राहिली. "पण ताई, खरं जुनं कापड? नवं विणून जुनं दिसेलसं करता येईल की."

"नकली झिजलं तर कुणाला काय त्याचं," हळूबाई म्हणाल्या. "खरंच घ्यायचं."

म्हणजे कल्पनाही त्यांचीच आणि हट्टही त्यांचाच. दुसऱ्या कुणावर ढकलायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

आता खरं कापड आणायचं कुठून? नोंदवहीत क्रमांक असलेल्या वस्तूला तर साहेबसुद्धा असा हात लावू देणार नाहीत. पण वरच्या कोठीत एक लोखंडी कपाट होतं. ज्या वस्तू कधी काळी आल्या, पण समितीसमोर जाऊन त्यांना क्रमांक पडला नाही, त्या सगळ्या त्यात. कर्मचारी त्याला बेवारशांचं कपाट म्हणायचे. आत मळके रुमाल होते, अर्ध्या बाहीचे अंगरखे होते, कुठल्या कोण जाणे पडद्यांचे तुकडे होते. त्यात हळूबाईंना एक सुती चादर सापडली. लहान मुलाच्या पलंगावर मावेल एवढीच, कडेनं एका रांगेत भरलेली निळी बदकं.

डावीकडची बदकं अशी सफाईदार की बघत राहावं. एकसारखी मान, एकसारखी शेपटी, उलट्या बाजूलासुद्धा एक गाठ दिसत नव्हती. उजवीकडची मात्र कुणा अडाणी हाताची. एक फुगलेलं, एकाला तीन पाय, शेवटच्याला डोळाच नाही. आणि मधलं एक तर चक्क तोंड फिरवून मागं बघत होतं. टाके लांबच लांब, कुठं सैल, कुठं कापड चुरगळेल इतके ओढलेले.

चादर हातात घेतल्यावर बाईंना क्षणभर वाटलं, ही आपण कुठंतरी पाहिलीय. हे वाटणं अर्धं मिनिट टिकलं असेल. खाली सुतार पट्टी घेऊन मापासाठी खोळंबला होता. बाईंनी मान झटकली आणि चादर खाली नेली. ते अर्धं मिनिट त्यांना पुढं फार महाग पडलं.

कुठला अर्धा भाग उघडा ठेवायचा हे ठरवायला त्यांना काहीच वेळ लागला नाही. चांगलं काम काचेखाली. कच्चं काम हातांखाली. त्यांच्या जागी त्या धंद्यातलं कुणीही असतं तरी हेच केलं असतं.

दालन उघडलं आणि बघता बघता गाजलं. शाळांच्या सहली रांगा लावू लागल्या. चादरीला हात लागला की खालून टिक असा आवाज यायचा आणि भिंतीवरचा आकडा एकानं वाढायचा. पोरं आधी हसायची, मग काचेखालचं आणि काचेबाहेरचं शेजारी शेजारी बघून गप्प व्हायची. बाहेर पडताना प्रत्येकानं एका चिठ्ठीवर लिहायचं, घरी जाऊन आपण काय जपणार. त्या चिठ्ठ्यांनी भिंत भरून गेली. कुणी लिहिलं होतं, आत्याच्या लग्नाचा फोटो उन्हातून काढून आत लावीन. कुणी लिहिलं होतं, आजोबांच्या चष्म्याशी खेळणार नाही. हळूबाई दुपारचा डबा खाऊन झाला की खाली येऊन त्या चिठ्ठ्या वाचायच्या. पस्तीस वर्षांत त्यांच्या बोलण्यानं जे झालं नाही ते या चादरीनं केलं होतं, हे त्या मोकळेपणानं कबूल करायच्या.

सगळ्यांचा हात मात्र एकाच जागी जायचा. तीन पायांचं बदक सोडून, डोळा नसलेलं सोडून, जो तो त्या उलट्या तोंडाच्या बदकालाच कुरवाळायचा. हळूबाई दर सोमवारी फोटो काढून वहीत टिपण करायच्या. तिसऱ्या महिन्यात चोच गेली. पाचव्यात निळा रंग विटून पांढुरका झाला. सातव्यात धागे तुटून गळाले आणि त्या जागी नुसतं विरविरीत कापड उरलं. वहीत बाईंनी लिहिलं, "परिणाम अपेक्षेपेक्षा चांगला."

आठव्या महिन्यात, एका बुधवारी दुपारी, तळमजल्यावरच्या तिकीटखिडकीवरून फोन आला. एक म्हाताऱ्या बाई आल्यात, त्यांच्याकडं जुनी पावती आहे, सही तुमची आहे म्हणतात.

वर आल्या त्या ऐंशीच्या घरातल्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या, ताठ चालणाऱ्या. हातातल्या काठीचा उपयोग टेकायला कमी आणि वाट चाचपायला जास्त करत होत्या. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "हात कुठं धुऊ?"

तेवढ्या एका प्रश्नानं हळूबाईंना सगळं आठवलं. बावीस वर्षांपूर्वी याच खोलीत या बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले होते आणि म्हटलं होतं, "चाळीस वर्षं नर्स होते मी. माझ्याइतके स्वच्छ हात तुमच्या अख्ख्या इमारतीत सापडायचे नाहीत." तरी हळूबाईंनी त्यांना हात लावू दिला नव्हता.

"बसा मावशी," त्या म्हणाल्या. "हात धुवायची गरज नाही."

"डोळ्यांवर पडदा येतोय," नर्सबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, दिसतंय तोवर काय बघायचं ते बघून घ्या. म्हटलं, आपल्याला बघायचं असं एकच आहे. याआधी दोनदा येऊन गेले मी. खिडकीवरचे म्हणाले, वस्तू कोठीत आहे, दाखवता येणार नाही. मी मुकाट्यानं परत गेले. जपायचं म्हणजे दाखवायचं नाही, बरोबरच आहे. पण आता एकदा दाखवा."

हळूबाईंनी पावती घेतली. त्यांचंच अक्षर. "एक सुती चादर, भरतकाम केलेली, सुरक्षित ताब्यात मिळाली." खाली सही.

"मावशी, दोन मिनिटं बसा हं," म्हणून त्या शेजारच्या खोलीत गेल्या आणि कागदांच्या कपाटापाशी उकिडव्या बसल्या.

त्यांची एक जुनी सवय होती. कापडाबरोबर कागद कधी ठेवायचा नाही. कागदातलं आम्ल उतरतं, कापड पिवळं पडतं, ठिसूळ होतं. म्हणून कुणी वस्तूसोबत माहिती लिहून दिली की बाई ती चिठ्ठी आधी काढून वेगळ्या पाकिटात घालायच्या. पुढं समितीनं क्रमांक दिला की तो क्रमांक पाकिटावर आणि कापडाच्या पट्टीवर लिहायचा, म्हणजे दोन्हींची गाठ राहते. पण त्या वर्षी समिती बसलीच नाही. मग सासूबाई पडल्या आणि हळूबाई तीन महिने रजेवर गेल्या. परत आल्या तेव्हा कोठी वरच्या मजल्यावर हलली होती. चादर तिकडं गेली, पाकीट इकडंच राहिलं.

पाकीट सापडलं. आतल्या कागदावर नर्सबाईंनी सांगितलेलं आणि हळूबाईंनी लिहून घेतलेलं होतं. डावीकडचं काम आईचं. उजवीकडचं धाकट्या बहिणीचं, वय नऊ. दोघींनी दोन टोकांकडून भरत येऊन मध्ये भेटायचं ठरलं होतं. शेवटच्या बदकाचा डोळा राहून गेला, कारण धाकटी त्याच वर्षी तापात गेली. तिचा फोटो कधी काढला नव्हता. तिच्या हातचं असं जगात एवढंच आहे. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित, हळूबाईंच्याच हातचं वाक्य होतं: "उजवी बाजू अधिक जपावी."

त्यांनी कागद एप्रनच्या खिशात घातला. उठल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या, कारण दुसरं कुठं जावं ते सुचेना. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "बाई, दुरुस्तीसाठी बाहेर पाठवलीय असं सांगा. खरं सांगून त्यांना काय सुख मिळणार आहे? आणि त्यांना दिसतं तरी किती?"

हे शेवटचं वाक्य हळूबाईंना चाबकासारखं लागलं, कारण त्यांच्याही मनात नेमकं तेच येऊन गेलं होतं.

खरं सांगायचं असं ठरवून त्या खोलीत परतल्या. पण नर्सबाई एवढ्या आशेनं उठून उभ्या राहिल्या की बाईंचं अवसान गळालं. "चला, खाली आहे, काचेखाली," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. जिना उतरताना त्या मनाशी म्हणत होत्या, आईची बाजू दाखवू, तेवढ्यानं भागेल. पस्तीस वर्षं खरेपणानं नोकरी केलेली बाई तीन मजल्यांच्या जिन्यात खोटं बोलायला तयार झाली.

दालनात एक शाळा नुकतीच येऊन गेली होती. आता कुणी नव्हतं. हळूबाईंनी नर्सबाईंना डाव्या बाजूनं नेलं आणि काचेसमोर उभं केलं. नर्सबाई इतक्या वाकल्या की नाक काचेला टेकलं.

"ही आईची," त्या म्हणाल्या. "आई असंच करायची सगळं. वरणाला फोडणीसुद्धा मोजून." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्या काचेच्या कडेकडेनं उजवीकडं सरकू लागल्या. एक बदक, दोन, तीन. काच संपली.

"आणि हिची?"

हळूबाई काचेवर उमटलेला नाकाचा डाग पदरानं पुसू लागल्या.

"बाई, हिची बदकं कुठंयत? ते मागं बघणारं? मी तिला म्हटलं होतं, ए वेडे, ते उलटं झालंय, उसव. तर म्हणाली, उलटं नाही झालं, ते मागच्यांची वाट बघतंय."

आता मात्र हळूबाईंना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कपाट, पाकीट, सुतार, अर्धं मिनिट. कच्चं काम म्हणून ती बाजू आपणच निवडली, हेही सांगितलं. खिशातला कागद काढून खालचं वाक्यही वाचून दाखवलं. त्यांनी काही गाळलं नाही.

नर्सबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दवाखान्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईला वाईट बातमी उभ्यानं ऐकायची सवय असते.

"किती जणांनी हात लावला?"

"अडतीस हजार चारशे अकरा."

"तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "चादर आणायच्या आदल्या दिवशी. म्हणालात, आता शक्यतो हात लावू नका, तशीच स्वच्छ पंच्यात गुंडाळून आणा. माझ्या मनात होतं, एकदा पांघरून बसावं. एकदाच. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही बसले."

हळूबाई म्हणाल्या, "मावशी, माझ्याकडं पहिल्या सोमवारचा फोटो आहे. त्यात ते बदक स्पष्ट दिसतं. मोठा करून देते."

"मला आता फोटोत काय दिसणार, बाई?"

भिंतीवरच्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं हलत होत्या. मग हळूबाईंच्या धंद्यातलं एक ज्ञान त्यांच्या कामी आलं, आजवर कुणाच्या कामी आलं नसेल असं. धागा गळाला तरी सुईची भोकं राहतात. लहान मूल जाड सुई वापरतं, जोर लावून खुपसतं, आणि ती भोकं चांगल्या टाक्यांपेक्षाही जास्त काळ टिकतात.

त्यांनी नर्सबाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला. आयुष्यभर ज्या बाईनं लोकांचे हात बाजूला केले, तिनं ते बोट धरून त्या विरविरीत कापडावर टेकवलं आणि सावकाश फिरवलं.

"ही मान," त्या म्हणाल्या. "इथून वर. आणि इथं वळतं बघा. इथं चोच."

नर्सबाईंचं बोट थांबलं, परत मागं गेलं, पुन्हा त्याच वाटेनं आलं. या खेपेला बाईंनी हात सोडला होता. बोटाला वाट सापडली होती.

"हो," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "तीच आहे."

त्यांनी अख्खा तळवा तिथं टेकवला, तसा खालून टिक असा आवाज आला.

"हे काय वाजलं?"

"यंत्र आहे, मावशी. हात मोजतं."

"मलाही मोजलं?"

"हो."

नर्सबाईंनी हात उचलला. "आणि बावीस वर्षं मी जो लावला नाही तो?"



हळूबाईंनी पेचकस आणून काचेचे चार स्क्रू काढले. चादरीला क्रमांक नव्हता, त्यामुळं कागदोपत्री ती संग्रहालयाची कधी झालीच नव्हती, आणि ती परत द्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. साहेब दारात येऊन उभे राहिले, बघितलं आणि परत गेले. दोघींनी चादरीची दोन दोन टोकं धरली. जुनं कापड घडी घातल्यानं घडीवर फाटतं, ते गुंडाळूनच न्यायचं असतं, हे हळूबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण नर्सबाई घरी कपडे वाळवून आणल्यावर घालतात तशी घडी घालत होत्या. एकदा मधोमध, मग पुन्हा मधोमध, आईची बाजू धाकटीच्या बाजूवर. बाई आपली टोकं घेऊन पुढं आल्या आणि ती त्यांच्या हातात दिली.

नर्सबाईंनी चादर छातीशी धरली, पिशवीत घातली नाही. मग आठवण होऊन विचारलं, "तुमची पावती परत करायची असेल ना? यावर परत मिळाली असं लिहू?"

"अर्धी मिळाली लिहा, मावशी," हळूबाई म्हणाल्या.

नर्सबाईंना अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी पेन घेतलं, कागदाची कड बोटानं चाचपली आणि खाली नुसती सही केली, थोडी तिरकी. पुढं काय लिहायचं ते त्यांनी हळूबाईंवर सोडलं. ती पावती अजून बाईंच्या टेबलाच्या खणात आहे, आणि सहीच्या वरची जागा अजून कोरीच आहे.